चाळून न बघता पुस्तकं घेणाऱ्यांच्या वतीने: मराठी प्रकाशक, संपादक आणि परीक्षण लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

लष्कर, ग्वाल्हेर

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षभरात मी 21 मराठी पुस्तकं विकत घेतली. त्यातली 17 न बघता घेतली. न बघता म्हणजे अक्षरशः न बघता. आधी हातात धरलं नाही, मधलंच पान उघडून चार ओळी वाचल्या नाहीत, टाइप किती बारीक आहे तेही पाहिलं नाही. कुठल्यातरी रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण वाचलं, मलपृष्ठावरचा मजकूर मोबाइलवर मोठा करून वाचला, पैसे भरले आणि खोक्याची वाट बघत बसले.

पुण्यातला वाचक अप्पा बळवंत चौकात जातो, दुकानात उभा राहून वीस पानं वाचतो आणि मग ठरवतो. आमच्याकडे बाड्याच्या, म्हणजे इथल्या मोठ्या चौकाच्या, आसपास हिंदी पुस्तकं हवी तेवढी मिळतात, स्पर्धा परीक्षांची तर ढिगाने. मराठी पुस्तक उभ्या उभ्या चाळता येईल असं एकही दुकान माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर नाही. म्हणून तुम्ही जे लिहिता तेच आमचे डोळे. तुम्ही खरं लिहिलंत तर आम्हाला दिसतं. तुम्ही नुसतं गोड लिहिलंत तर आम्ही चारशे-पाचशे रुपये आणि वर कुरिअरचे पैसे घालून फसतो, आणि पुढच्या वेळी मराठी पुस्तक मागवायला हात कचरतो. हे पत्र त्याबद्दल आहे.

मी इथल्या एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांची बिलं आणि त्यांच्या पाठीमागची कागदपत्रं तपासली, त्यामुळे सवयीने या वर्षीची सगळी परीक्षणं कापून, काही छापून, एका फायलीत लावून ठेवली. परवा ती ओळीने वाचून काढली. 17 पुस्तकांपैकी 14 पुस्तकांबद्दल एक अक्षरही उणं लिहिलेलं नव्हतं. उरलेल्या तिघांत तक्रार होती ती एकच: मुद्रणदोष टाळता आले असते तर बरं झालं असतं. बाकी सगळीकडे ‘संग्राह्य’, ‘अंतर्मुख करणारं’, ‘मराठी साहित्यात मोलाची भर’. सतरापैकी सतरा पुस्तकं मोलाची भर घालत असतील तर मोल या शब्दाला काय अर्थ उरला? कादंबरी कोणाविषयी आहे हे कळतं, लेखकाला आधी कोणते पुरस्कार मिळाले ते कळतं. ती वाचताना कंटाळा येतो का, दुसऱ्या शंभर पानांत ती ढिली पडते का, हे कोणी सांगत नाही. हा परिचय झाला. परीक्षण म्हणजे पारखणं.

दुसऱ्यांना सांगते आहे तर आधी मीच वर्षभरात काय वाचलं आणि मला ते कसं वाटलं ते स्वच्छ सांगते. माझी मतं चुकीची असू शकतील, पण ती माझी आहेत आणि त्यात कोणाची भीड नाही.

सगळ्यात जास्त राग ओढवेल ते आधी. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ मी पंधराव्या वर्षी वाचली तेव्हा रडले होते. आईने दिवा मालवला तर खिडकीतल्या उजेडात वाचली. या उन्हाळ्यात, बाहेर लू चालू असताना, कूलरसमोर बसून पुन्हा वाचायला घेतली आणि मला ती पेलली नाही. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण अशी सहा माणसं त्यात आपापली कथा सांगतात. कल्पना किती मोठी! पण सहाही जण एकाच सुरात बोलतात. सारथ्याच्या घरात वाढलेला शोण आणि हस्तिनापूरचा युवराज दुर्योधन, दोघांच्या तोंडी तेच अलंकार, तेच उसासे, तीच लांब लांब वाक्यं. नाव झाकलं तर कोण बोलतंय ते मला पानपानभर ओळखू येईना. पंधराव्या वर्षी मला कर्णावर प्रेम करायला शिकवलं याबद्दल मी या पुस्तकाची कायम ऋणी आहे. पण आज ते मला कर्णाची बाजू मांडणाऱ्या वकिलाचं भाषण वाटतं, आणि वकील आपल्या अशिलाला कधीच अडचणीचा प्रश्न विचारत नाही.

तो प्रश्न इरावती कर्व्यांनी विचारला. ‘युगान्त’सुद्धा 1967 सालचंच, ज्या वर्षी ‘मृत्युंजय’ आली त्याच वर्षीचं. हा योगायोग मला या वर्षी दोन्ही पाठोपाठ वाचताना कळला, आणि तेव्हापासून मनातून जात नाही. ‘युगान्त’मधल्या कर्णावरच्या लेखाचं नावच ‘मी कोण?’ असं आहे. कर्व्यांना कर्णाची कणव नाही असं मुळीच नाही. पण भर सभेत द्रौपदीची वस्त्रं काढून घ्या असं दुःशासनाला सांगणारा कर्णच होता, आणि गंधर्वांशी गाठ पडली तेव्हा दुर्योधनाला मागे टाकून पळालेलाही तोच, हे त्या बाजूला सारत नाहीत. मूळ महाभारतात जे आहे ते समोर ठेवतात आणि मग विचार करतात. त्यांचं वाक्य छोटं, सरळ, घरात बोलल्यासारखं. एक उपमा नाही, तरी ते पान मिटून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. माझं स्पष्ट मत असं, की घरात एकच घ्यायचं असेल तर ‘युगान्त’ घ्यावं. आणि मुलगा पंधरा वर्षांचा असेल तर दोन्ही घ्यावीत, ‘मृत्युंजय’ आधी. कोणी मला इतकं सांगितलं असतं तर मी किती तरी आधी ‘युगान्त’कडे वळले असते. ‘मृत्युंजय’वर मी आजवर जे जे वाचलं, त्यातल्या कोणीही ‘युगान्त’चं नाव काढलेलं नव्हतं.

दुसरं पुस्तक आम्हा ग्वाल्हेरच्या लोकांचं जिव्हाळ्याचं: वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. कोकणातला गरीब भिक्षुक, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, एवढ्या आशेवर 1857 साली घर सोडून निघतो आणि नेमका बंडात सापडतो. ग्वाल्हेर पाहतो, झाशीच्या वेढ्यात अडकतो, लुटला जातो, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परततो. काल्पीच्या वाटेवरचा विहिरीजवळचा प्रसंग तर मला पाठ आहे. धुळीने माखलेली, पुरुषी वेशातली राणी तिथे भेटते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी काढू नका, मीच काढते. आणि हरलेली, घरदार गेलेली ती बाई स्वतः मडक्याने पाणी काढून ओंजळीने पिते. फुलबागेत तिच्या समाधीवरून मी हजार वेळा गेले असेन. तो पुतळा घोड्यावर आहे, हातात तलवार आहे. मला मात्र राणी दिसते ती त्या ओंजळीत.

आता तक्रार. हे पुस्तक गोडसे भटजींनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिलं, आणि वैद्यांनी ते 1907 साली प्रसिद्ध केलं ते बरंच बदलून, सोवळं करून. भटजींनी लिहिलं होतं तसं ते 1966 साली दत्तो वामन पोतदारांनी छापलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं की मूळ माणूस किती मोकळेपणाने लिहीत होता. म्हणजे या नावाची दोन वेगळी पुस्तकं आहेत. मी यंदा नवी प्रत मागवली, कारण घरची प्रत वाळवीने खाल्ली. आलेल्या प्रतीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं, ही कोणती संहिता आहे याचा एका ओळीचा खुलासा नाही. मुखपृष्ठावर घोडा, तलवार, आगीचे लोळ. संपादकाचं नाव नाही, आधारप्रतीचा उल्लेख नाही. आम्ही सहा जणी इथे पुस्तकं एकमेकींना देऊन वाचतो; शेवटी त्यातल्या एकीच्या घरी पोतदारांची जुनी प्रत निघाली, आम्ही दोघी दुपारभर पानाला पान लावून ताडत बसलो आणि कळलं की मला आलेली प्रत वैद्यांची आहे. मी त्या प्रकाशकांना पत्र पाठवलं. उत्तर नाही. नाव मी इथे घेत नाही, कारण मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण हक्क संपलेलं जुनं पुस्तक छापायला घेता तेव्हा ते कोणत्या प्रतीवरून घेतलंत एवढी एक ओळ छापायला शाई किती लागते?

‘रणांगण’ मी नातीसाठी घेतलं. ती सतरा वर्षांची, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, मराठी फक्त घरात. देवनागरी येते म्हणून वाचू शकते, पण चार आणि चारा यातला च वेगळा हे तिला अजून सांगावं लागतं. विश्राम बेडेकरांची ही 1939 सालची लहानशी कादंबरी तिने दोन रात्रींत संपवली. युरोपातून निघालेलं जहाज, हिटलरच्या जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि आपला चक्रधर विध्वंस. युद्ध अजून पेटलेलंही नाही आणि लेखकाला ते दिसतंय. नातीने मला विचारलं, “आजी, ये सच में उस टाइम लिखा था?” मराठीत इतकं नवं वाटणारं जुनं पुस्तक मी दुसरं पाहिलेलं नाही. एकच गोष्ट मला खुपली आणि ती मी तिलाही सांगितली: चक्रधरचा बायकांवरचा कडवटपणा. तो प्रेमात होरपळला आहे हे मान्य, पण काही ठिकाणी तो हॅर्टाशी ज्या तऱ्हेने वागतो ते लेखकाला दिसतंय की नाही, असा मला प्रश्न पडला. नात म्हणाली, दिसतंय, म्हणूनच शेवट तसा आहे. ती बरोबर असेल.

नंदा खरे यांच्या ‘उद्या’ला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला, हे सगळ्यांना माहीत आहे. पुस्तक वाचलेल्यांची संख्या त्या मानाने कमी भेटली. माझं मत दोन वाक्यांत: आपल्यावर सतत कोणाची तरी नजर आहे आणि मुली कमी होत चालल्या आहेत, अशा उद्याचं त्यातलं चित्र मला खरं वाटलं आणि मी घाबरले. पण माणसं लक्षात राहिली नाहीत, विचार राहिले. बऱ्याच ठिकाणी पात्रांच्या तोंडून लेखकच समजावून सांगतोय असं वाटत राहिलं. तरीही घ्या.

आता कृष्णात खोत यांचं ‘रिंगाण’. 2023 चा अकादमी पुरस्कार त्याला मिळाला म्हणून मागवलं, आणि पहिली तीस पानं मला काही केल्या जाईनात. विस्थापित झालेलं गाव, मागे जंगलात राहून रानटी झालेली म्हैस आणि तिला आणायला गेलेली माणसं. गोष्ट एवढीच. पण भाषा कोल्हापूरकडची, आणि आम्ही दोनशे वर्षांपासून चंबळच्या या बाजूला. 1810 साली दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि तिचंच लष्कर गाव झालं. आमच्या बोलण्यात तेव्हाची मराठी आणि आजूबाजूची हिंदी एकजीव झालेली. गुराढोरांचे, झाडोऱ्याचे, चढउतारांचे ते शब्द मी कधी ऐकलेलेच नाहीत. मी कोल्हापूरच्या मावसबहिणीला फोन लावला आणि रोज रात्री पाच-सहा शब्द विचारू लागले. ती आधी हसली, मग तिनेही पुस्तक आणलं. पन्नासाव्या पानानंतर मला शब्द अडेनासे झाले, आणि शेवटी शेवटी तर मी त्या म्हशीच्या बाजूने वाचू लागले. जिला सोडून दिलं तिने आपल्याला ओळखावं तरी का? या वर्षी वाचलेलं हे सगळ्यात मोठं पुस्तक. पण हेही सांगते, की आमच्या सहा जणींतल्या दोघींनी ते तिसाव्या पानाच्या आतच परत केलं. परीक्षणात कोणी लिहिलं असतं, ‘भाषा सुरुवातीला अडेल, पन्नास पानं धीर धरा’, तर त्या दोघी पुढे वाचत राहिल्या असत्या. पुस्तकाच्या अडचणी सांगितल्याने पुस्तक खपायचं थांबेल अशी तुम्हाला भीती वाटते. आमचा अनुभव उलटा आहे. अडचण आधी कळली की माणूस तयारीने बसतो.

अनुवादांबद्दल थोडक्यात, कारण त्याने माझं मन कडू होतं. एका परदेशी कादंबरीचा मराठी अनुवाद घेतला. परीक्षणात लिहिलं होतं, ‘अनुवाद वाटतच नाही’. तिसऱ्या प्रकरणात सत्तरीची आजी नातवाला म्हणते, “तू माझा दिवस बनवलास.” कोणत्या घरातली आजी असं बोलते? परीक्षण लिहिणाऱ्याने ते पान वाचलं असतं तर त्याला अडखळायला झालं असतं. म्हणजे त्याने ते पान वाचलं नाही. हे मला त्या वाक्यापेक्षा जास्त लागलं.

फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर 98 वं साहित्य संमेलन झालं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. आम्ही तिघी पहाटेची गाडी पकडून गेलो. भाषणं ऐकली, पण खरं सांगायचं तर मी गेले होते पुस्तकांच्या गाळ्यांसाठी. किती वर्षांनी मराठी पुस्तकं हातात घेऊन उभी राहिले! घरून यादी नेली होती, नऊ नावांची, सगळी परीक्षणं वाचून केलेली. त्यातली पाच मी दोन-दोन पानं वाचून खाली ठेवली. आणि यादीत नसलेलं एक पातळसं, साध्या मुखपृष्ठाचं आत्मकथन, ज्याबद्दल कुठे एक ओळ छापून आलेली मी पाहिली नव्हती, ते उचललं आणि परतीच्या गाडीत आग्र्याच्या आत अर्धं वाचून झालं. तो गाळेवाला मुलगा मला म्हणाला, “काकू, बसा ना, स्टूल घ्या, निवांत बघा.” त्या स्टुलावर बसून मी जे दोन तास वाचलं त्याची बरोबरी वर्षभराच्या फायलीला नाही.

1961 साली हेच संमेलन ग्वाल्हेरला झालं होतं. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. माझी आई तेव्हा नुकतं लग्न होऊन या गावात आलेली. ती सांगायची की मांडवात पुस्तकं मांडली होती, आणि तिने हातातल्या पैशांतून साडीऐवजी तीन पुस्तकं घेतली. त्यातलं एक तिने मरेपर्यंत कोणाला वाचायला दिलं नाही. राजकवी भा. रा. तांबे याच गावात राहिले, याच गावात गेले. इथला वाचक आजचा नाही आणि तो संपलेलाही नाही. तो फक्त दुकानापासून लांब आहे.

म्हणून मागणं. प्रकाशकांनो, पुस्तक विकायला ठेवता तिथे मुखपृष्ठ आणि मलपृष्ठाबरोबर मधली दहा-बारा पानं दाखवा. प्रस्तावनेची नकोत, प्रस्तावना कौतुकाचीच असते. नव्वदाव्या पानापासूनची दाखवा. पहिली आवृत्ती कोणत्या सालची ते लिहा, जुन्या पुस्तकाची आधारप्रत लिहा, अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर छापा. संपादकांनो, लेखकाच्या मित्राकडून परीक्षण लिहवून घेतलं तर ते तसं सांगा, आम्ही समजून घेऊ. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनो, तुमच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, कारण चांगलं परीक्षण लिहिणं किती अवघड आहे ते मला ही फाइल वाचताना कळलं. पुस्तक पूर्ण वाचा. कुठे थांबावंसं वाटलं ते सांगा. कोणाला आवडेल आणि कोणाला आवडणार नाही ते सांगा. लेखक दुखावेल, हे खरं. पण आम्हीही दुखावतो आहोत, फक्त आमचं दुखणं छापून येत नाही.

आमच्या सहा जणींत एक रिवाज आहे. पुस्तक हातोहात फिरतं, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर प्रत्येकीने शिसपेन्सिलीने आपलं मत लिहायचं, खाली तारीख घालायची. आधीच्या बाईचं मत खोडायचं नाही. ‘रिंगाण’च्या मागच्या पानावर सध्या पाच मतं आहेत. पहिलं: ‘मला जमलं नाही, भाषा कळेना.’ दुसरं तसंच, शब्द तेवढे वेगळे. तिसरं माझं, लांबलचक. चौथं: ‘मधली चाळीस पानं जास्तीची वाटली, शेवट थोर.’ पाचवं काल आलं, पहिल्याच बाईचं. तिने माझं मत वाचून पुस्तक परत नेलं होतं. ‘पन्नास पानं धीर धरला. आता म्हशीशिवाय काही सुचत नाही.’ प्रत आज संध्याकाळी कंपू भागात राहणाऱ्या आमच्यातल्या पाचवीकडे जायची आहे. तुमच्यापैकी कोणाला ते पान बघायचं असेल तर फोटो काढून पाठवते.

आपली,
लष्करातली एक वाचक